इटलीवाल्या कोठीची उष्टी हळद

जे लिहिते आहे ते घडलेलं आहे. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. ज्याला खोटं वाटेल त्यानं वाचू नये, कोणी तुमच्या पाया पडत नाही.

मी रुक्मा. दुसरीच्या पुढं शाळा पाहिली नाही, पण घर, शेती आणि घरातली पुरुषमाणसं आयुष्यभर मीच चालवली. भुताखेताच्या गोष्टी सांगत बसणाऱ्या बायांना मी ओसरीवरून हाकलून देत होते.

आता मीच सांगते आहे. ऐका.

साल २०१४. एप्रिल महिना, अक्षय तृतीया तोंडावर आलेली.

रात्र नव्हती, हे आधी लक्षात ठेवा. दुपार होती. आमच्या गोंदिया जिल्ह्यातली एप्रिलची दुपार, जेव्हा कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर येत नाही.

जागा देवरीहून चिचगडकडे जाताना लागते. रस्ता सोडून आत, जंगलाच्या कडेला. लोक तिला इटलीवाली कोठी म्हणतात.

इंग्रजांच्या काळात एका सागवानाच्या ठेकेदाराचा पोरगा विलायतेला शिकायला गेला होता. तिकडं इटली देश फिरला आणि डोक्यात एकच खूळ घेऊन परतला. तशीच कोठी पाहिजे, तशीच बाग पाहिजे.

बापानं बांधून दिली. गोल कमानींचा व्हरांडा, पिवळ्या भिंती, हिरव्या झडपांच्या खिडक्या. समोर उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी खाली गेलेली बाग, मधोमध दगडी कारंजं. तिकडची उंच टोकदार झाडं इथल्या उन्हात जळली, म्हणून दोन्ही बाजूंनी अशोक लावले. मोठमोठ्या मातीच्या कुंड्यांत लिंबाची झाडं. आणि जिकडंतिकडं दगडाच्या बाया. कोणी घडा घेऊन, कोणी फुलं घेऊन. कोणाचं नाक गेलेलं, कोणाचा हात.

खरं सांगते, सुंदर आहे.

माझ्यासारख्या शेणामातीतल्या बाईलाही तिथं वरच्या पायरीवर उभं राहिलं की पदर सारखा करावासा वाटतो. वाटतं, खालून कोणीतरी आपल्याला पाहून राहिलं आहे…

आणि ते पाहणं वाईट वाटत नाही.

म्हणून तर गोंदिया, भंडारा, पार रायपूरहून लग्न ठरलेली पोरंपोरी तिथं फोटो काढायला येतात. हातात हात घालून त्या पायऱ्या उतरतात.

आमची ओमेश्वरीपण गेली.

ओमेश्वरी माझी नात, माझ्या लेकाची, बिसनलालची एकुलती एक पोरगी. माय लवकर मेली, मीच वाढवली. आमच्या पवार समाजात तसं नाकडोळ्याचं पोर आजूबाजूच्या गावांत नव्हतं. तिला चांगल्या घरी दिल्याशिवाय मला मरण येऊ नये, एवढंच मी देवाला मागत होते.

तिलक मीच शोधला. तिरोड्याकडचा, घरी धानाची शेती, स्वभावानं गरीब. सासू नाही, नणंद नाही. एक मोठा भाऊ, तो रायपूरला. माझी पोरगी राणीसारखी राहील, असं मी सगळ्या गावाला सांगितलं होतं.

फोटोवाला होता कुडवा गावचा अतुल. केसाला तेल नाही, कंगवा नाही, पण तोंड मोठं. म्हणे, कोठीच्या बागेत हळदीचे फोटो काढू.

"हळद घरी लागेल, मांडवात," मी म्हटलं.

"अरे आजी, वो असली हळद नंतर. ही फक्त फोटोची. मेरे पास पावडर है."

"तुही पावडर तुह्या बायकोच्या तोंडाले लाव. माह्या नातीच्या अंगाले बजारातली पुडी लागनार नाई."

लग्नासाठी मी हळद दळली होती. पाच सवाष्णींनी जात्याला हात लावून, कुलदेवीचं नाव घेऊन. त्यातलीच थोडी वाटीत कालवली आणि बरोबर घेतली. स्वतःसुद्धा गेले. लग्न ठरलेली पोरगी त्या फोटोवाल्याच्या भरवशावर सोडणाऱ्यातली मी नाही.

कोठीच्या फाटकावर राखणदारीण बसली होती, अनुसयाबाई. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. माझ्याकडं पाहून म्हणाली, "या पाटलीनबाई. इकडं कोनीकडं? तुमचेपन फोटो काढता का?"

"काढीन. तुह्यासंग. गावातली पोट्टी भ्याली पायजेत ना."

हसली आणि फाटक उघडलं.

तिलकचा फोन आला की गाडी पंक्चर झाली, उशीर होईल. अतुल म्हणाला, उजेड चांगला आहे, नवरीचे एकटीचे काढून घेऊ. मी कारंज्याच्या काठावर सावलीत बसले. कारंजं कोरडं. तळाशी सुकलेली पानं.

ओमेश्वरी पिवळं लुगडं नेसून, हळदीची वाटी घेऊन उतरत उतरत पार खालच्या पायरीला गेली. लिंबाच्या कुंड्यांच्या मागं. तिथून तिचं हसणं ऐकू आलं.

"आजी! इकडं ये, नवरदेव येऊन उभा हाय ना!"

मी उठले. गेले.

कुंड्यांच्या मागं चौथरा होता. चौथऱ्यावर दगडाचा तरुण गडी. कुरळे केस, उघडी छाती, एक हात पुढं केलेला. जसा कोणाचा हात धरायला केला असावा.

सगळ्या बागेत एकही पुतळा धड नाही. हा मात्र… नखाएवढासुद्धा कुठं तुटला नव्हता.

अतुल बिचारा लेन्स बदलत होता. म्हणाला, "हां दीदी, वहीं रुको. मस्त."

मला वाटलं, त्यालाही दिसतो आहे.

"तिलकपेक्षा चिकना हाय वं आजी," ओमेश्वरी म्हणाली. आणि मस्करीत वाटीत बोटं बुडवून तिनं त्या दगडाच्या गालाला हळद फासली.

मी हसले. हो, हसले. पोरीचं शेवटचं माहेरपण होतं.

मग तिनं त्या गालावरचीच हळद बोटांनी ओढली… आणि स्वतःच्या गालाला लावली.

आमच्या रीतीत हळद आधी नवरदेवाला लागते. त्याच्या अंगाची उरलेली, ती उष्टी हळद. ती वाटीत घालून नवरीकडं पाठवतात. तिच्या अंगाला ती लागली की पोरगी त्याची झाली. मंगलाष्टकं नंतर. फेरे नंतर. पोरगी उष्ट्या हळदीलाच जाते.

माझ्या तोंडून आवाज निघाला नाही.

कारण आवाज कुठंच नव्हता.

जंगलात झिंगुर किडे ओरडत होते, ते बंद. अशोकाची पानं वाजत होती, ती बंद. सगळीकडं ऊन आणि ऊन, आणि आवाज म्हणून काही नाही…

आणि मग माझ्या पाठीमागं, वरच्या पायरीवर, कोरड्या कारंज्यात… पाणी पडायला लागलं.

मी वळून पाहिलं. पानं तशीच सुकलेली. आवाज मात्र पाण्याचा.

मी धावले. पोरीचा दंड धरून तिला ओढलं आणि एक थोबाडीत दिली. ओढताना माझा खांदा त्या दगडाला लागला. एप्रिलची दुपार, पायऱ्यांना चप्पल चिकटत होती. तो दगड थंड होता. विहिरीतून आताच काढल्यासारखा.

"मारली कायले आजी?" ती रडत नव्हती. हसत होती. "किती थंड हाय ना तो. बरं वाटते."

बाटलीतलं सगळं पाणी तिच्या तोंडावर ओतलं. पदरानं घासलं. हळद निघाली नाही. गालावर तीन बोटांचा पिवळा पट्टा तसाच राहिला.

तेवढ्यात तिलक आला. घामाघूम. हसत तिचा हात धरला आणि पटकन सोडला.

"बर्फ खाल्ला का वं?"

मी म्हटलं, "फोटोगिटो काई नाई. घरी चाला."

फाटकातून निघताना अनुसयाबाईनं ओमेश्वरीच्या गालाकडं पाहिलं. खर्रा थुंकली. आमची बोलेरो पुरती बाहेर निघायच्या आधीच फाटक लावायला लागली.

लग्नघरात तिरोड्याहून तिलकच्या अंगाची उष्टी हळद आली, वाजतगाजत. बायांनी गाणं धरलं. ओमेश्वरीला पाटावर बसवलं. मी स्वतः हळद लावली.

लागेना.

ओली हळद तिच्या अंगावर ठेवली की सुकायची आणि पोपडा होऊन पडायची. भिंतीचा चुना पडतो तशी. खालची कातडी कोरडी, स्वच्छ, गार.

बायांचं गाणं एकेक करून थांबलं.

बिसनलालनं मला आत बोलावलं. तोंड उतरलेलं. "माय, पोट्टीचं बरोबर नाई. थांबून जाऊ. तब्येत खराब हाय म्हून सांगू."

"मांडव घातला हाय," मी म्हटलं. "पावने आले हायेत. हळद लागलेली पोट्टी घरात ठेवून का तिची भाजी करतं? बाई होऊन रडू नोको."

मी आजही तेच म्हणते. लग्न मोडून ती वाचली असती, असं ज्याला वाटतं त्यानं मला समोर येऊन सांगावं.

लग्न लागलं. दिवस मावळायच्या आत, गोरज मुहूर्तावर. नवरीला मामा उचलून आणतो. तिचा मामा राईस मिलमध्ये हमाली करतो, धानाची पोती पाठीवर घेऊन पळतो. त्यानं ओमेश्वरीला उचलायला हात घातला…

हलली नाही.

पुन्हा घातला. मानेच्या शिरा फुगल्या. लोक हसायला लागले. मामा हसला नाही. माझ्याकडं पाहून हळूच म्हणाला, "बाई, हिच्यात का भरलं?"

मी ओरडले, "पोरीले पाय हायेत, चालत येईन!" आली चालत.

अंतरपाट धरला. अक्षता पडल्या. तिलकवर पडल्या त्यांचा आवाज नाही. तिच्यावर पडल्या त्या वाजल्या. टीनावर गारा पडाव्या तशा.

वाजंत्री जोरात होती. मला वाटलं, मलाच ऐकू आलं असेल. मग भटजीकडं पाहिलं. तो मंत्र सोडून तिच्या पायाशी पडलेल्या अक्षतांकडं पाहत होता.

पाठवणीनंतर अतुल घरी आला. मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाला, "आजी, ये देखो, फिर मैं डिलीट करूंगा. मला झोप नाही लागून राहिली."

कोठीचा फोटो. लिंबाच्या कुंड्या, चौथरा, पिवळ्या लुगड्यात ओमेश्वरी, हात पुढं केलेली.

चौथऱ्यावर कोणी नाही.

आणि तिच्या बोटांसमोर, मोकळ्या हवेत… हळदीचा एक गाल. नुसता गाल. पुरुषाचा.

"तुले तवा पुतळा दिसला का नाई?" मी विचारलं.

"कौनसा पुतला, आजी?"

मी बिसनलालला घेऊन त्याच दिवशी कोठीवर गेले. चौथरा रिकामा. वर शेवाळ, कोरडं. अनुसयाबाई म्हणाली, इथं कधी गड्याचा पुतळा नव्हताच, सगळ्या बायाच आहेत. चौथरा ठेकेदाराच्या पोरानं स्वतःसाठी करून घेतला होता.

"स्वतःसाठी?"

"बाग त्यानं होनाऱ्या बायकोसाठी केली ना. लगन ठरलं. त्याले हळद लागली. उष्टी हळद घेऊन मानसं पोरीकडं गेले, तर पोरीवाल्यानं दार लावलं. इंग्रज झालेल्या पोराले पोरगी नाई देत म्हने. हळद वापस आली." ती खर्रा चघळत राहिली. "तो अंगावरची हळद घेऊन बागेत येऊन उभा राह्यला. तिथंच. मंग कोनाले दिसला नाई."

"हे तवा काऊन नाई सांगतलं, रांडे?"

"तुमी विचारलं का?" ती म्हणाली. "आन् सांगतलं असतं तं का आयकलं असतं, पाटलीनबाई? पोरीवाले तवापन तुमच्यासारखेच होते."

बिसनलालनं मला धरलं नसतं तर तिचे केस माझ्या हातात आले असते.

दिवाळीच्या सुमारास मी तिरोड्याकडं गेले. पोरीच्या सासरी आम्ही जुनी माणसं पाणी पीत नाही. म्हणून शिदोरी आणि पाण्याचा लोटा बरोबर घेऊनच गेले.

अंगणात खाटेवर तिलक बसला होता. ताठ. मला पाहून उठला नाही. मला राग आला, सासरची आजी आली आणि जावई खाटेवर!

जवळ गेले. त्याला उठता येत नव्हतं. हात मांडीवर, बोटं वाकलेली, तशीच. मान वळेना. डोळे तेवढे माझ्याकडं वळले. त्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात उठत नव्हता.

"डॉक्टर म्हनते, नसांचं हाय," ओमेश्वरी आतून आली. इतकी सुंदर ती कधी दिसली नव्हती. गोरीपान, गुळगुळीत. गालावरचा पट्टा सोन्यासारखा. हातात ओलं फडकं. तिनं तिलकचं तोंड पुसलं, जसं कोणी देव्हारा पुसावा. डोळ्यांवर माशी बसली होती, ती तिनं हाकलली नाही.

"पोरी, हा जिता मानूस हाय."

"हाय ना," ती म्हणाली. "म्हून तं रोज पुसा लागते."

"घरी चाल माह्यासंग. दोघंही चाला."

"आजी, हळू बोल. आमचे हे झोपले हायेत आत."

मी तिलककडं पाहिलं. तिलकनं डोळे मिटले.

आतल्या खोलीत कोणीतरी कूस बदलली. खाट करकरली… मग फरशीवर एक पाऊल पडलं. जड. अंगणातली जमीन माझ्या टाचेखाली दणकली.

मी लोटा तिथंच टाकून आले. हे लिहायला मला लाज नाही. तुम्ही असता तर चपलासुद्धा टाकून आला असता.

पौषात तिलक गेला.

भाऊ रायपूरहून आला. त्यानंच अग्नी दिला. लाकूड भरपूर होतं, वाळलेलं. चिता पेटली, ढासळली, विझली.

तिलक तसाच होता.

काळा पडलेला, बसलेला, बोटं वाकलेली. पुन्हा लाकूड रचलं. पुन्हा तेच. भाऊ राखेत बसून लहान पोरासारखा रडत होता. शेवटी पुरुषांनी खड्डा खणला. खाली सोडताना दोर तुटला आणि तो आदळला. जो आवाज आला तो माणसाच्या देहाचा नव्हता, असं बिसनलाल सांगतो. त्यानंतर तो दारूला लागला.

बाया ओमेश्वरीच्या बांगड्या फोडायला गेल्या. तिनं हात मागं घेतला.

"मी कायले फोडू? माहा नवरा घरात हाय."

आणि तेव्हाच तिनं सांगितलं, तिला दिवस गेले आहेत.

तिलकचं अंग कधीपासून हलत नव्हतं, ते मी सांगितलं आहे. बायांनो, पुढचं तुम्हीच समजा.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ही रीत आहे, आणि रीत मी मोडत नाही. सातव्या महिन्यात तिला घेऊन आले. बोलेरोचं मागचं चाक वाटेत दोनदा बसलं.

आता ती माझ्याच घरी आहे. हे लिहिते आहे त्याच्या पलीकडच्या खोलीत. खाट मोडली, म्हणून खाली गादी घातली आहे. जेवण करत नाही. लिंबू मागते, नुसतं लिंबू. गोंदियाला सोनोग्राफीला नेलं होतं. तिथल्या बाईनं पोटावर यंत्र फिरवलं, थांबली, पडद्याकडं पाहत राहिली, आणि मशीन बंद करून बाहेर निघून गेली. परत आलीच नाही. गावच्या दाईनं पोटाला हात लावला आणि हात पदरात गुंडाळून घरी गेली. बिसनलाल शेतातल्या झोपडीत राहायला गेला. माझ्या पोटचा पोर, आणि बाईपेक्षा भित्रा.

मी आहे. मी घर सोडत नाही. माझी पोरगी आहे ती.

काल दुपारी तिच्या डोक्याला तेल लावत होते. केसही जड झाले आहेत. ती डोळे मिटून होती. म्हणाली,

"आजी, दाई नाई येत ना?"

"नाई आली तं गेली उडत. मी हाय ना. तुह्या बापाले मीच काढलं होतं."

"मंग पयल्यांदा हातात कोन घेईन त्याले?"

"मीच घेईन. दुसरं कोन घेते?"

 तिनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं, आणि लहानपणी हसायची तशी हसली.

"पक्कं ना, आजी? सोडशीन नाई?"

मी म्हटलं, "पक्कं."

तेव्हा तिच्या पोटातून आवाज आला. दगडावर दगड हळूच ठेवावा तसा.

एकदाच…

टक.

तिनं नव्हतं विचारलं ते. पोटातल्यानं विचारलं होतं. आणि मी हो म्हणून बसले आहे.

कालपासून मला माझ्याच हातांकडं पाहवत नाही.